आधी भिंती, मग माणूस: तिसऱ्या पिनचा इतिहास

परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत एक खण असा असतोच. त्यात जुने चार्जर असतात, कुठल्यातरी विमानतळावर घाईत घेतलेले अडॅप्टर असतात, आणि तीन गोल पिनांचा एखादा जाडजूड प्लग असतो, जो इथल्या एकाही सॉकेटमध्ये जात नाही. आईने बॅगेत कोंबून दिलेल्या मिक्सरचा नाहीतर इस्त्रीचा.

तो प्लग एकदा हातात घेऊन बघा. वरची पिन खालच्या दोघींपेक्षा जाड आहे आणि लांबही आहे. खरं तर मिक्सर फिरायला दोन पिना पुरतात. एका तारेने करंट यायचा, दुसरीने परत जायचा, झालं काम. मग ही तिसरी कशाला? आणि तिचा आकार भारतात गोल, ब्रिटनमध्ये चौकोनी आणि अमेरिकेत तिसराच, असं का?

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: "गोरे लोक शिस्तीचे, आपले लोक बेफिकीर." पॉडकास्टच्या या भागात आम्ही हे उत्तर बाजूला ठेवून दुसरं मांडायचा प्रयत्न केला. घरातल्या विजेच्या सुरक्षेचा इतिहास हा स्वभावाचा इतिहास नाही. आधी कोणाला वाचवायचं, मग कोणाला, आणि कोणाला सगळ्यात शेवटी, हा जो क्रम लागला त्याचा तो इतिहास आहे. बोलताना जे निसटलं ते इथे सविस्तर लिहितोय.

१८८२: आग लागू नये म्हणून

सुरुवात १८८२ पासून करू, कारण त्या एका वर्षात तीन शहरांत तीन गोष्टी घडल्या.

न्यूयॉर्कमध्ये ४ सप्टेंबर १८८२ ला एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं. त्यातून ११० व्होल्टचा डीसी पुरवठा आजूबाजूच्या कचेऱ्यांना आणि दुकानांना मिळू लागला. मुंबईत त्याच वर्षी क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पुढे कंपनीच बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर गेलं, पण मुंबईने वीज पाहिली ती तेव्हा. म्हणजे वीज या बाबतीत मुंबई काही मागे नव्हती.

तिसरी गोष्ट लंडनमधली. तिथल्या तार आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे पहिले नियम छापले. ब्रिटनमध्ये आज जे वायरिंगचे नियम चालतात त्यांची वंशावळ थेट तिथपर्यंत जाते. त्या पहिल्या पत्रकाचं नावच सगळं सांगून जातं: विजेच्या दिव्यांमुळे होणारा आगीचा धोका टाळण्यासाठीचे नियम. आगीचा धोका! माणसाला बसणाऱ्या धक्क्याची काळजी दुय्यम होती. त्याच वर्षी लंडनच्या फिनिक्स या अग्निविमा कंपनीनेही आपले नियम काढले. अमेरिकेत १८९७ मध्ये पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता आली, तिच्यामागेही आगीचा विमा उतरवणाऱ्यांचा मोठा हात होता.

हे साहजिकच म्हणावं लागेल. गिरणी, गोदाम, नाट्यगृह जळलं तर विमा कंपनीला पैसे मोजावे लागतात. तेव्हा पहिली सुरक्षा इमारतीची झाली. तिचं हत्यार म्हणजे फ्यूज: एक बारीक तार, जास्त करंट गेला की वितळते आणि पुरवठा तोडते.

पण फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. यातला हिशोब समजून घेण्यासारखा आहे. २३० व्होल्टवर ६० वॉटच्या साध्या बल्बमधून सुमारे २६० मिलिअँपिअर करंट वाहतो. माणसाच्या छातीतून जाऊन जीव घ्यायला याहून बराच कमी करंट पुरतो. घरातला फ्यूज मात्र ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. तुमच्या अंगातून जीवघेणा करंट जात असताना फ्यूजला वाटतं, कोणीतरी एक छोटासा दिवा लावलाय.

तिसरी पिन आली कुठून

दिव्यांच्या काळात हे फारसं जाणवलं नाही, कारण दिवा छताला टांगलेला असायचा. अडचण सुरू झाली ती इस्त्री, शेगडी, किटली यांनी. या वस्तूंचं अंग लोखंडाचं आणि त्या हातात धरायच्या. पहिल्यांदा लोक त्या लावायचे तरी कुठे? बल्बच्या होल्डरला! दिवा काढायचा आणि त्या जागी इस्त्रीची वायर अडकवायची. लंडनमध्ये हे चालायचं तसं भारतातही चालायचं. त्या होल्डरला दोनच टोकं असतात.

आता समजा इस्त्रीच्या आत तारेचं आवरण झिजलं आणि फेजची तार लोखंडी अंगाला टेकली. इस्त्री चालूच राहते, फ्यूज जात नाही, काही कळत नाही. सगळं अंग करंटने भरलेलं आणि कोणाच्या तरी हाताची वाट बघत बसलेलं. तिसरी पिन यासाठी आहे. ती त्या लोखंडी अंगाला जाड तारेने जमिनीशी जोडते. मग फेज अंगाला टेकली की करंटला जमिनीकडे सोपी वाट मिळते, एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. ही पिन लांब ठेवतात ती याच हिशोबाने: प्लग आत जाताना जमिनीची जोडणी सगळ्यात आधी व्हावी आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटावी.

ब्रिटनमध्ये तीन गोल पिनांच्या प्लगचं मानक १९३४ मध्ये आलं, बी.एस. ५४६. त्यात ५ अँपिअरचा छोटा प्लग होता आणि १५ अँपिअरचा मोठा. आपल्या आजी-आजोबांच्या घरात "साधा पॉईंट" आणि "पॉवर पॉईंट" असे दोन शब्द असायचे, ते या जोडीतूनच आले. त्या काळात दिव्यांच्या विजेचा दर वेगळा आणि पॉवरचा वेगळा, म्हणून वायरिंगही वेगळं. भारताने पुढे स्वतःचं मानक केलं, आय.एस. १२९३. ५ चे ६ झाले, १५ चे १६ झाले, पण घराणं तेच राहिलं.

मुंबईत हे सगळं रुजायला जमीन तयार होती. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली, १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली. ही वीज आधी गिरण्यांना मिळाली. तिच्यासाठी जमीन कोणाची गेली हेही लक्षात ठेवायला हवं: १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह अशाच एका धरणाविरुद्ध होता. घरगुती वीज बंगल्यांत, फोर्टात आणि सुखवस्तू वस्तीत होती. तिथे जे सामान आलं ते साहजिकच ब्रिटिश मापाचं आलं.

एका समितीत एक बाई

आता दुसऱ्या महायुद्धाच्या लंडनमध्ये येऊ. बाँबहल्ल्यांत असंख्य घरं पडली होती आणि युद्ध संपल्यावर ती नव्याने बांधायची होती. त्यांत वायरिंग कसं असावं हे ठरवायला अभियंत्यांची एक समिती बसली. १९४४ मध्ये तिचा अहवाल आला.

समितीत एकच बाई होती, कॅरोलाइन हॅस्लेट. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या महिला अभियंत्यांच्या सोसायटीची ती पहिली सचिव, आणि १९२४ पासून घरातल्या बायकांपर्यंत वीज पोचवणाऱ्या इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेनची संचालक. वीज ही घरकामाच्या रेट्यातून बायकांना सोडवणारी गोष्ट आहे, असं तिचं ठाम मत होतं. पण ज्या बाईच्या हाती विजेची किटली द्यायची, तिच्या घरात रांगणारं मूलही असतं. सॉकेट भिंतीत खाली बसवायचं, तर ते मुलाच्या बोटाच्या उंचीवर येणार. घरातल्या लहान मुलांचा विचार सुरक्षेच्या मुळाशी असावा, हा आग्रह तिने धरला.

त्यातून १९४७ मध्ये बी.एस. १३६३ आलं, म्हणजे ब्रिटनमध्ये आणि आखातात राहणाऱ्यांच्या रोजच्या हातातला तो चौकोनी पिनांचा प्लग. त्याच्या सॉकेटच्या आत पडदे असतात. लांब तिसरी पिन आत गेली की पडदे उघडतात, एरवी खालची दोन भोकं बंद. मुलाने खिळा खुपसायचा म्हटला तरी करंटपर्यंत पोचत नाही. (दोन पिनांचा चार्जर घुसवायला वरच्या भोकात पेन घालायची युक्ती तुम्ही कोणाकडून शिकला असाल तर विसरा. तुम्ही उघडताय तो पडदा नेमका मुलासाठी लावलेला आहे.)

त्या प्लगमध्ये फ्यूज का असतो, याचं कारण वेगळंच आहे. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती. प्रत्येक पॉवर सॉकेटला मुख्य बोर्डापासून वेगळी जाड केबल नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून ठरलं की एकच केबल निघेल, सगळ्या सॉकेटांना भेट देत घरभर फिरेल आणि परत बोर्डावर येईल. याला रिंग सर्किट म्हणतात. त्याचा फ्यूज ३० अँपिअरचा. पण टेबललॅम्पची बारीक वायर ३० अँपिअरखाली जळून जाईल! मग लहान फ्यूज प्लगमध्येच घातला. म्हणजे या प्लगचा एक भाग काळजीतून आला आणि एक टंचाईतून. शिस्तप्रिय स्वभावाचं यात काय आहे?

आणि अशीही समजूत नको की नवीन मानक आलं आणि देश एका रात्रीत सुधारला. जुन्या गोल पिना ब्रिटनमध्ये पुढे कित्येक वर्षं होत्या. दुकानात घेतलेल्या वस्तूला प्लग बसवलेलाच असला पाहिजे, ही सक्ती तिथे १९९४ च्या कायद्याने आली. तोपर्यंत लोक उघड्या तारा घरी आणून स्वतः प्लग लावत.

भारतात का बदललं नाही

१९४७ हे साल आपल्यालाही ओळखीचं आहे. ७ ऑगस्ट १९४७ ला मुंबई महापालिकेने ती जुनी वीज आणि ट्राम कंपनी ताब्यात घेतली आणि आजची बेस्ट सुरू झाली. आठवड्याभरात देश स्वतंत्र झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या वेळी देशातल्या लाखो खेड्यांपैकी सुमारे १५०० खेड्यांत वीज होती.

अशा देशाने काय करायचं? शहरांतली चालू सॉकेटं उखडून नवी बसवायची, की खेड्यात पहिला खांब उभा करायचा? उत्तर उघड होतं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आलं, खांब आणि तारा गावोगाव गेल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी केंद्राने कुटीर ज्योती योजना आणली. त्यात गरीब घराला एका दिव्याची जोडणी मिळायची. एक दिवा! जिथे सॉकेटच नाही तिथे तिसऱ्या पिनची गोष्ट कोण काढणार?

इथे आखाताशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. कुवेत, कतार, अमिरातींमध्ये घरोघर वीज पोचली ती मुख्यतः १९४७ नंतर. ब्रिटिशांचा वावर तिथेही होता, त्यामुळे त्यांना ब्रिटिश सामान मिळालं, पण नवीन आवृत्तीचं. मुंबईने आधी घेतलं म्हणून तिच्याकडे जुनं राहिलं. दुबईत राहणारा मराठी मुलगा आणि लंडनमध्ये राहणारी त्याची मावसबहीण एकच चार्जर वापरतात आणि डोंबिवलीच्या आजीकडे आल्यावर दोघांनाही अडॅप्टर लागतो, त्याचं कारण हे आहे. अर्थात वारसा म्हणजे काही विधिलिखित नव्हे. सिंगापूर आणि हाँगकाँग इथेही गोल पिनाच होत्या, त्यांनी पुढे चौकोनी स्वीकारल्या. पण ती छोटी आणि पैसेवाली शहरं होती.

अमेरिकेचा वेगळा रस्ता

अमेरिकेत एडिसनचे ११० व्होल्ट हळूहळू १२० झाले आणि तिथेच राहिले. दोन चपट्या पात्यांचा प्लगही टिकला. व्होल्टेज कमी म्हणून धक्का त्या मानाने सौम्य, असा एक आधार होता. पण १२० व्होल्टनेही माणूस मरतो. तिसरं भोक असलेलं सॉकेट सगळ्या नव्या घरांत हवं, असं राष्ट्रीय संहितेने म्हटलं ते १९६२ मध्ये. नियम नव्या बांधकामाला लागू असल्यामुळे जुन्या अपार्टमेंटांत आजही दोन भोकांची सॉकेटं दिसतात.

अमेरिकेचं खरं देणं दुसरं आहे. बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डेल्झील नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली तार माणूस स्वतःहून केव्हा सोडू शकत नाही, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. स्नायू आखडतात आणि मूठ उघडतच नाही, ती मर्यादा पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली आणि बायकांमध्ये साधारण साडेदहा. म्हणजे फ्यूजच्या हिशोबात काहीच नाही. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक उपकरण तयार केलं. ते गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची सतत तुलना करतं. गेला तेवढा परत आला नाही, तर मधला कुठेतरी गळतोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून. ५ मिलिअँपिअरच्या आसपास फरक दिसला की क्षणात पुरवठा तोडायचा. अमेरिकेतल्या तुमच्या बाथरूमच्या सॉकेटवर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं आहेत, ती याची.

पहिल्यांदा माणसाचं शरीर हे मोजमाप झालं. पण तिथेही क्रम बघा. संहितेत हे उपकरण १९६८ मध्ये आलं ते पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी, १९७५ मध्ये बाथरूमसाठी आणि १९८७ मध्ये स्वयंपाकघरासाठी. ब्रिटनमध्ये घरातल्या बहुतेक सॉकेटांना अशा उपकरणाचं संरक्षण हवं, हा नियम २००८ चा आहे. म्हणजे ज्यांना आपण पुढारलेले म्हणतो, त्यांनाही शंभराहून जास्त वर्षं लागली.

सगळ्यात शेवटी कोण

भारतात या उपकरणाला लोक ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. २०१० च्या केंद्रीय नियमांत ते आवश्यक केलं गेलं, पण ५ किलोवॉटच्या खालच्या घरगुती जोडण्या त्यातून वगळल्या. पुढे ही मर्यादा खाली आणली गेली. तरी त्या मूळ ओळीचा अर्थ काय होतो? एसी आणि गिझरवाल्या फ्लॅटला संरक्षण सक्तीचं. दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही असलेल्या खोलीला सूट. जिथे भिंत ओली, वायर जुनी आणि मूल जमिनीवर झोपतं, तेच घर यादीत शेवटी.

मुंबईतल्या जुन्या चाळींचं उदाहरण घ्या. कित्येक ठिकाणी बोर्डावर भोकं तीन असतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच नसते. यावर रहिवाशांना दोष देणं सोपं आहे. पण १९४७ मध्येच मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुनी भाडी गोठली. भाडेकरू बेघर झाले नाहीत हे खरंच, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूच्या नावावर भिंत नव्हती. मग भिंतीतली तार बदलायची कोणी? आणि अर्थिंग म्हणजे नुसती तार नव्हे. तिच्या टोकाला जमिनीत पुरलेली पट्टी किंवा नळी लागते, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतणारं कोणीतरी. हे एकट्या घराचं काम नाही, सगळ्या इमारतीचं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या अहवालांत भारतात दरवर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून जास्त मृत्यू नोंदलेले दिसतात. सगळे घरातले नाहीत. शेतातला पंप, तुटून पडलेली तार, पावसातला खांब, हेही त्यात येतं. पण इतकी माणसं बेफिकिरीने मेली असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपल्यासाठी यातलं काय

इतिहास वाचून झाल्यावर चार गोष्टी लगेच करता येतात. पहिली, तुमच्या घरातलं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पुरवठा तुटला नाही तर घरमालकाला लेखी कळवा. दुसरी, प्रवासातले बरेच अडॅप्टर तिसरी पिन पुढे जोडतच नाहीत. चार्जरला ते चालतील, लोखंडी अंगाच्या इस्त्रीला नाही. तिसरी, भारतातली वायर पाहून परदेशातल्या तारेला हात लावू नका. आपल्याकडे काळी तार बहुधा न्यूट्रल असते, अमेरिकेत काळी म्हणजे फेज. आणि चौथी, भारतात जाल तेव्हा आजी-आजोबांच्या घरी इलेक्ट्रिशियनला बोलवून दोनच प्रश्न विचारा: अर्थिंग आहे का, आणि आरसीसीबी आहे का. नसेल तर तो बसवायचा खर्च तुमच्या तिकिटाच्या मानाने किरकोळ असतो.

बदल होतो तो असाच. १८८२ मध्ये विमा कंपनीने विचारलं, इमारत जळेल का? १९४४ मध्ये एका बाईने विचारलं, मुलाचं बोट आत जाईल का? बर्कलीत कोणीतरी विचारलं, मूठ उघडेल का? प्रत्येक वेळी कोणीतरी प्रश्न विचारल्यावरच सॉकेट बदललं. आता विचारायचं राहिलंय ते त्या एका खोलीच्या घराबद्दल, आणि ते विचारणाऱ्यांत आपणही असायला हरकत नाही.